मूव्हिंग टाइम

आमच्या ग्रुपमध्ये रविवारी सकाळी दहानंतर कोणी सायकल चालवत नाही. दहानंतर सायकल सांगितली जाते. चालवणं तीन तासांत उरकतं. सांगणं रात्रीची जेवणं होईपर्यंत चालतं.

सांगण्याची पद्धत ठरलेली आहे. आधी ॲपमधला नकाशा येतो. त्यावर नारिंगी रेघ आणि खाली आकडे, म्हणजे अंतर किती, चढाई किती मीटर आणि सरासरी वेग किती. मग सायकलचा फोटो, एकटीचा, कुठल्या तरी किलोमीटरच्या दगडाला नाहीतर धरणाच्या कठड्याला टेकवलेलीचा. हा फोटो साखळीच्या बाजूनेच काढायचा असतो. दुसऱ्या बाजूने काढलेला दिसला तर कोणी बोलत नाही, पण माणूस नवा आहे हे सगळे मनात लिहून ठेवतात. मग मिसळीचा फोटो, त्याखाली ‘रिकव्हरी’. शेवटी एक वाक्य, ज्यात स्वतःची माफक निंदा असावी लागते. ‘आज पायच चालत नव्हते, आपलं हळूहळू गेलो.’ हे वाक्य ज्याची सरासरी ताशी 28 आहे त्यानेच लिहायचं. ज्याची 15 आहे त्याने ‘निसर्गाचा आनंद घेतला’ असं लिहायचं. वारा मात्र सगळ्यांना समोरूनच असतो, जातानाही आणि येतानाही. पाठीमागून आलेल्या वाऱ्याची नोंद आमच्या ग्रुपवर अजून कोणी केलेली नाही.

मला या वाङ्मयाची गोडी लागली ती नोकरीमुळे. मी सरकारी खात्यात लेखापरीक्षक आहे. उभी हयात लोकांची प्रवासभत्त्याची बिलं तपासण्यात गेली. वडापच्या जीपमधून गेलेला माणूस अख्ख्या टॅक्सीचं बिल कसं लावतो, मुक्काम मेव्हण्याकडे करून लॉजची पावती कुठून आणतो, हे मला पहिलं पान उलटायच्या आत कळतं. त्यामुळे ग्रुपवरची प्रत्येक राइड मी आधी बिल म्हणून वाचतो, आणि पहिला आक्षेप नेहमी एकाच रकान्यावर असतो. तो म्हणजे मूव्हिंग टाइम.

ॲपमध्ये वेळ दोन प्रकारची असते. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत घड्याळात जेवढी गेली ती एलॅप्स्ड. तीतून चहा, मिसळ, दुसरी मिसळ, फोटो आणि ‘बूट बांधतो हं’ म्हणून घाटात घेतलेला श्वास वजा केला की उरते ती मूव्हिंग. ग्रुपवर सगळे मूव्हिंग टाइमच सांगतात. सकाळी पाचला गेलेला माणूस दहाला घरी येतो आणि त्याची राइड झालेली असते पावणेतीन तासांची. आमच्या खात्यात कामाचे तास असे मोजले तर पगारबिल पोस्टकार्डावर मावेल.

ग्रुपमध्ये एक हाडांचे डॉक्टर आहेत. आठवडाभर ते लोकांना जिने चढू नका म्हणतात आणि रविवारी स्वतः घाट चढतात. बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत. गणिताच्या एक बाई आहेत, त्या काही बोलत नाहीत आणि सगळ्यांच्या पुढे असतात. आयटीतला एक मुलगा आहे, तो वजनाला वॉटने भागतो की वॉटला वजनाने हे मला अजून समजलेलं नाही. आणि ॲडमिन आहेत, जे रोज पहाटे सूर्याचा फोटो टाकून इतरांना तो उगवल्याचं कळवतात.

डॉक्टर बीआरएम करतात, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचा पल्ला पुरा करतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, मधल्या टप्प्यात कोणाची मदत घ्यायची नाही. या सगळ्यावर शेवटची मोहोर पॅरिसच्या क्लबची. चारही अंतरं एकाच वर्षात केली की माणूस ‘सुपर रँडोनर’ होतो. बक्षीस काही नसतं. पदक हवं असेल तर पैसे भरून घ्यायचं. आणि बीआरएममध्ये घड्याळ थांबत नाही. झोप, जेवण, पंक्चर, सगळं त्यात धरतात. लेखापरीक्षक म्हणून सायकलिंगमधला हा एकच प्रकार मला मंजूर आहे, आणि म्हणूनच मी तो करत नाही.

मुळात महाराष्ट्रात सायकलवरून बढाई मारणं फार अवघड होऊन बसलं आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची, सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पुरी केली. 2017 साली तेव्हा नाशिकलाच नेमणुकीवर असलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पुरी केली. हे चौघेही डॉक्टर. (मी जातो त्या दवाखान्यात कंपाउंडरच का भेटतो, याचं उत्तर मला इथे मिळालं.) 2018 साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी विशीत 29,000 किलोमीटर सायकल चालवून जगाला फेरी मारून आली, 159 दिवसांत. ज्या राज्याशी ही नावं जोडलेली आहेत तिथे ‘खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो’ हे कुठल्या तोंडाने टाकायचं? तरी मी टाकलं. थोड्या टाळ्या आल्या. ‘करा करा, सुरुवात अशीच होते,’ असं काकांनी लिहिलं. माझ्या सायकलचा फोटो उलट्या बाजूने होता.

सायकल मला नवी नव्हती. तासावर भाड्याने घेऊन, नळीखालून पाय घालून कैची मारत शिकलेल्या पिढीतला मी. तेव्हाच्या सायकलला स्टँड, घंटी, मडगार्ड, कॅरियर, चेनकव्हर, कुलूप, डायनामो आणि महापालिकेचा पत्र्याचा बिल्ला असायचा. दिवा नसला किंवा डबलसीट दिसलं की हवालदार चाकातली हवा सोडायचा. नवी सायकल घ्यायला गेलो तेव्हा यातलं काहीच नव्हतं. एवढं सगळं काढून घेतल्यावर किंमत उतरेल असा माझा सरळ हिशेब होता. दुकानातल्या पोऱ्याने आकडा सांगितला तेव्हा मी त्याला म्हटलं, “सोबत स्कूटर देता का?”

“सर, वजन बघा ना. एकेक ग्रॅम कमी करायचे पैसे आहेत.”

“आणि माझंच वजन दहा किलो कमी केलं तर?”

“ते फुकट आहे सर,” तो म्हणाला, “म्हणून कोणी करत नाही.”

घरी मी किंमत एक तृतीयांश सांगितली. दुकानाच्या पावतीचं काय केलं ते इथे लिहीत नाही. माझ्या हाताखालची मुलं मासिकं वाचतात.

मग पॅडवाली शॉर्ट आली. पोऱ्याने इकडेतिकडे बघून हळू आवाजात सांगितलं की आतून काही घालायचं नसतं. ती चढवून मी हॉलमध्ये आलो तेव्हा बायको बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, लिफ्टपर्यंत तरी टॉवेल गुंडाळून जा.” त्यानंतर क्लीटचे बूट. या बुटांचा तळ पेडलमध्ये अडकतो, म्हणजे पाय खाली दाबताना जोर लागतो तसा वर ओढतानाही लागतो. बाहेर काढायला टाच बाहेरच्या बाजूला फिरवायची. हे ज्ञान मला होतं. नळ स्टॉपच्या सिग्नलला दिवा लाल झाला, मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, आणि पाय खाली टेकवण्याचा माझा पन्नास वर्षांचा संस्कार जागा झाला. पाय सरळ खाली ओढला. तो आला नाही. दुसरा ओढला. तोही आला नाही. मग काही क्षण मी सायकलवर अगदी स्थिर, ताठ बसून होतो. आजूबाजूच्या लोकांना कौतुकही वाटलं असेल. त्यानंतर मी सायकलसकट डाव्या अंगाला आडवा झालो, शून्य वेगाने, कुणाचाही धक्का न लागता. शेजारच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून पाहिलं आणि म्हणाला, “काका, स्टँड लावायचा राहिला.”

खरचटलं ते कोपराला. ॲपने तो प्रसंग मूव्हिंग टाइममधून वगळला.

अशा तयारीवर मी दिवे घाट, सासवड, बोपदेव या राइडला नाव दिलं. ॲडमिननी ‘नो ड्रॉप राइड’ जाहीर केली होती, म्हणजे कोणाला मागे सोडायचं नाही. त्यांनी शब्द पाळला. हडपसर गाडीतळापासून फुरसुंगीपर्यंत मला कोणी सोडलं नाही. वडकीच्या पुढे मीच त्यांना सोडलं. त्यांचे मागचे लाल दिवे एकेक करून वळणाआड गेले. शेवटी काकांचा गेला, आणि जाताना काकांनी हात वर करून ‘आरामात या’ अशी खूणही केली. त्यांच्याकडे हात सोडण्याइतका श्वास होता.

ज्ञानेश्वर माउलींची पालखी दर आषाढीला याच घाटाने सासवडला जाते. चढावर रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आज्या तो चढ अभंग म्हणत चढतात. माझ्या सायकलला 22 गिअर होते. पहिल्या वळणाच्या आतच मी त्यातल्या सगळ्यात हलक्यावर आलो होतो, तरी अजून एखादा शिल्लक असेल या आशेने बोट खटका दाबत राहिलं. अभंग दूरच, मी मनातल्या मनात नुसतं ‘इठ्ठल’ म्हणायचा प्रयत्न केला तर ‘इठ्’पाशी श्वास संपला.

तेवढ्यात शेजारी एक गृहस्थ आले. कानटोपी, हातात काठी, पायात कॅनव्हासचे बूट, सकाळचं फिरायला निघालेले. चालत.

“कुठून म्हणायचं?”

“कोथ...रूड.”

“लांबून आलात. कुठवर?”

“सास...”

“वड. बरोबर. सायकल नवी दिसते. केवढ्याला पडली?”

मी घरी सांगितलेला आकडा सांगितला. तो छोटा होता म्हणून एका श्वासात बसला. मग ते जमिनीच्या भावावर आले. पुरंदरला विमानतळ होणार म्हणतात, तेव्हापासून एकेका गुंठ्याचं काय झालंय, त्यांच्या चुलतभावाने कधी विकली आणि कशी फसगत झाली, हे सगळं त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. खाली मस्तानी तलाव आहे तोही काठीने दाखवला. मी बघितला नाही, कारण मान वळवली असती तर सायकल थांबली असती. ऐकायला माणूस मी वाईट नाही, आणि पुढे जायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं. “बरंय, या तुम्ही सावकाश. मला उशीर होतोय,” असं म्हणून ते पुढे निघून गेले.

त्यांच्या मागोमाग राहण्याच्या नादात मी उभं राहून दोन-चार पेडल मारले आणि दोन्ही पोटऱ्यांत एकदम गोळे आले. या वेळी टाच बरोबर फिरली, एवढीच माझ्या सरावाची कमाई. मी कठडा धरला आणि एक पाय मागे ताणून, स्ट्रेचिंग चाललंय असं दिसेल अशा बेताने उभा राहिलो. उभा राहिलो म्हणजे उभाच राहिलो. पाय पुढेही येईना.

मार्केट यार्डात माल उतरवून सासवडकडे निघालेला एक टेम्पो थांबला.

“बिघडली का साहेब?”

“सायकल नाही. मी.”

ड्रायव्हर खाली उतरला. त्याने माझी सायकल एका हाताने उचलली, तोलून पाहिली, आणि प्रामाणिक आश्चर्याने विचारलं, “एवढी हलकी आहे, मग चढंना का?” या प्रश्नाला सायकलिंगच्या शास्त्रात उत्तर असेल. माझ्याकडे नव्हतं. सायकल आडवी टाकली आणि मी मागे अंजिराच्या रिकाम्या पाट्यांवर बसलो. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. टेम्पोत त्या सकाळी मानांकन असलेलं तेवढंच काय ते होतं.

आता कुणाला वाटेल, सुटला. पण पुढे एक कंटेनर होता, आणि तो माझ्याच गिअरमध्ये चढत होता. तो मागे पडला तसं टेम्पोचं इंजिन तापलं. ड्रायव्हरने बॉनेट उघडलं, पाणी ओतलं, वाफ जाईपर्यंत तंबाखू मळली, समोरून आलेल्या ओळखीच्या माणसाशी कुणाच्या तरी साखरपुड्याचं बोलून घेतलं. माझे ठोके शांत होत गेले. वारा गार होता. घाटमाथ्यावर विठ्ठलाची भव्य मूर्ती आहे, कमरेवर हात ठेवून. मी टेम्पोतून नमस्कार केला. त्याने हात काढले नाहीत.

झेंडेवाडीच्या पुढे, सासवड दिसायच्या जरा आधी, मी उतरलो. ड्रायव्हरने पैसे घेतले नाहीत. “चढायचे कसले पैसे?” म्हणाला. मी बाटलीतलं उरलेलं पाणी डोक्यावर आणि जर्सीवर नीट सगळीकडे ओतलं आणि पेडल मारत हॉटेलपाशी पोचलो. मंडळींची दुसरी मिसळ चालू होती. टाळ्या पडल्या. काकांनी माझी ओली पाठ थोपटली आणि हात रुमालाला पुसला. डॉक्टरांनी मिठाचं पाणी कसं प्यावं ते सांगितलं. परतीचा बोपदेव उतार होता, आणि उतारावर पृथ्वी सगळ्यांना सारखंच वागवते. घरी पोचून मी आंघोळ केली, वरणभात जेवलो आणि झोपलो.

टेम्पोतही घड्याळ मनगटावर चालूच होतं, हे माझ्या दुपारी चारला, चहा घेताना लक्षात आलं. तोवर ॲपने माझी राइड परस्पर ग्रुपवर टाकलेली होती.

यात एक तांत्रिक बाब सांगायला हवी. एरवी मूव्हिंग टाइमचे लाड करणारं ॲप घाटाच्या ठरवलेल्या तुकड्याची वेळ मोजताना मात्र कडक असतं. तिथे एलॅप्स्ड धरतात. थांबलात तर थांबलात. जो सगळ्यात कमी वेळात चढेल तो त्या घाटाचा राजा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला हा किताब मिळायचा, तोच आता फोनमध्ये रोज मिळतो. मी धडधडत्या छातीने यादी उघडली. टेम्पो पकडला जाईल, सगळ्यांत वर माझं नाव असेल, ही धास्ती होती. बाई पहिल्या होत्या. मग आयटीतला मुलगा, डॉक्टर, ॲडमिन, काका. मी शेवटचा होतो. टेम्पोत बसूनही शेवटचा, आणि थोडाथोडका नाही.

हायसं वाटलं, आणि जरा अपमानही. पण तेवढ्यात डॉक्टरांचा मेसेज आला. त्यांनी माझ्या ठोक्यांचा आलेख उघडला होता. ‘घाटाच्या वरच्या टप्प्यात 92! माझे 168 होते. मंडळी, याला म्हणतात झोन टू. हळू जा, ठोके खाली ठेवा, हे मी कधीपासून सांगतोय. एकाने तरी ऐकलं.’ आयटीतल्या मुलाने लिहिलं, ‘सर, काय एरोबिक बेस आहे!’ काकांनी स्वतंत्र फोन केला. “मी बीपीची गोळी घेतो, तरी माझे घाटात 150 होतात. तुम्ही काय घेता?” मी म्हटलं, सकाळी कोमट पाणी.

फक्त बाईंनी एक प्रश्न विचारला. ‘वेग पाचवरून एकदम वीसवर, मग शून्य, मग पुन्हा वीस. असं का?’

माझ्या टेबलावर असं बिल आलं असतं तर मी तांबड्या शाईने गोल करून परत पाठवलं असतं. मी उत्तर लिहिलं, ‘इंटरव्हल.’

‘वा!’ असं डॉक्टर म्हणाले. बाई काही बोलल्या नाहीत. त्या कधीच बोलत नाहीत. ॲडमिननी पुढच्या बैठकीत ‘कमी ठोक्यांत घाट’ या विषयावर माझं वीस मिनिटांचं भाषण ठेवलं आहे. चहा त्यांच्याकडे, प्रोजेक्टर आयटीकडे.

पुढच्या महिन्यात खंबाटकी ठरला आहे. माझ्या मागेमागे राहून माझं तंत्र शिकायचं, असं काकांनी ग्रुपवर जाहीर केलं आहे. तेव्हा पुण्यात भाजी उतरवून सकाळी साताऱ्याकडे रिकामा जाणारा टेम्पो कुणाच्या ओळखीत असेल तर कृपया कळवावं. इंजिन बरं असावं, आणि मागे दोन सायकली आडव्या मावल्या पाहिजेत.